वाचकांचे प्रश्न : खडकाची चुंबकीय वीण आणि पर्वतपट्ट्यांतला दाब

घडीच्या पर्वतांत काम करणाऱ्या वाचकांनी खडकांच्या चुंबकीय विणीबद्दल, म्हणजे खडकातले कण कोणत्या दिशेला लागले आहेत ते चुंबकीय मापनातून दाखवणाऱ्या मांडणीबद्दल, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. प्रकल्पासाठी घडीच्या पट्ट्यातले मडस्टोन घेतले आहेत. खडकात क्लीव्हेज (दाबाने पडलेल्या समांतर फुटीच्या पातळ्या) दिसत नाही, ताणलेले जीवाश्मही नाहीत. मार्गदर्शक म्हणतात, एएमएस (चुंबकीय ग्रहणशीलतेतला दिशेनुसार फरक मोजण्याची पद्धत) कर म्हणजे दाबाची दिशा मिळेल. डोळ्यांना काहीच दिसत नसताना यंत्राला नेमके काय दिसते?

उत्तर : यंत्राला कणांच्या मांडणीची बेरीज दिसते. एएमएसमध्ये नमुन्यावर अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र लावतात आणि तो कोणत्या दिशेने किती सहज चुंबकित होतो, म्हणजे त्याची चुंबकीय ग्रहणशीलता दिशेनुसार किती बदलते, हे मोजतात. मडस्टोनमधली क्लोराइट, इलाइट ही पापुद्र्यांची खनिजे पापुद्र्याच्या पातळीत जास्त चुंबकित होतात, तिला काटकोनात कमी. पातळ छेदात काहीशे कण मोजूनही हाती न लागणारा कल १० घन सेंटिमीटरच्या नमुन्यातल्या सगळ्या कणांच्या बेरजेत स्वच्छ उतरतो, आणि तोही काही मिनिटांत.

उत्तर एका लंबगोलाच्या रूपात मिळते. त्याचे तीन अक्ष : सर्वांत मोठा के१, मधला के२ आणि सर्वांत लहान के३. के१ ही चुंबकीय रेषा, आणि के३ला काटकोनात असलेली पातळी ही चुंबकीय पातळी.

गाळ नुकताच बसून दबलेला असतो तेव्हा पापुद्रे आडवे असतात. के३ थराला लंब असतो आणि के१, के२ थराच्या पातळीत वाटेल तसे विखुरलेले असतात. आता या आडव्या थरांवर बाजूने दाब येऊ लागतो. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा दोन्ही बाजूंनी दाबला की कागदांना सुरकुत्या पडतात आणि सगळ्या सुरकुत्यांची रेघ दाबाला काटकोनात असते. पापुद्र्यांचे हेच होते. प्रत्येक पापुद्रा थोडा इकडे किंवा तिकडे कलतो, पण ती रेघ सगळ्यांना समाईक राहते. म्हणून के१ थराच्या पातळीतच, दाबाला काटकोनात गोळा होतो. बहुतेक ठिकाणी हीच दिशा पुढे घडीच्या अक्षाची ठरते. क्लीव्हेज दिसू लागण्याच्या कितीतरी आधी ही खूण पडलेली असते, आणि तुमच्या मडस्टोनमध्ये बहुधा हीच शोधायची आहे.

दाब वाढत गेला की के३ थराच्या लंबापासून सुटून दाबाच्या दिशेकडे पट्ट्यासारखा पसरतो. या पायरीवरचा खडक हातात पेन्सिलीसारखा लांबट तुकड्यांत फुटतो. आणखी पुढे के३ सरळ क्लीव्हेजला लंब होतो आणि के१ थर व क्लीव्हेज यांच्या छेदरेषेवर बसतो. फार तीव्र विरूपणात (दाबाने खडकाचा आकार बदलण्यात) के१ ती रेषा सोडून क्लीव्हेजच्या उतारावर, खडक ज्या दिशेने ताणला गेला तिकडे वळतो. जॉन ग्रॅहॅम यांनी १९५४ मध्ये या मापनाकडे भूशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले आणि १९६६ मध्ये अॅपलेशियन पर्वतातल्या गाळाच्या खडकांवर थरांना समांतर आलेल्या दाबाचा असा माग दाखवला.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. पाण्याच्या प्रवाहानेही के१ एका दिशेला लागू शकतो. प्रवाहाची खूण जागोजागी बदलते, आणि तिच्यात के३ अनेकदा थराच्या लंबापासून थोडा कललेला असतो. दाबाची खूण कित्येक किलोमीटरवरच्या निरनिराळ्या थरांत सारखीच येते आणि घडीच्या अक्षाला धरून असते. म्हणून एकाच जागेवरून दाबाची दिशा जाहीर करू नका. जमेल तिथे शांत पाण्यात बसलेले बारीक कणांचे थर घ्या. तिरपे थर असलेले वालुकाश्म शक्यतो टाळा.

प्रश्न : एका जागेवरून किती कोअर (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दंडगोल कांड्या) घ्यावेत? दिशा नोंदवताना चुका कुठे होतात?

उत्तर : एका जागेवर आठ हे कमीत कमी, दहा ते बारा घेतलेत तर आकडेमोडीला बळ येते. ते एकाच हातभर जागेतून काढू नका. पाच-दहा मीटरच्या उघड्या खडकात, दोन-चार थरांत पसरवा. एका कोअरमधून दोन-तीन नमुने कापता येतात, पण त्यांची दिशा एकदाच मोजलेली असते. त्यात चूक झाली असेल तर तिन्ही नमुन्यांत तीच चूक येते, म्हणून त्यांना तीन स्वतंत्र निरीक्षणे समजू नये.

नेहमीचे साधन म्हणजे पेट्रोलवर चालणारे हातातले ड्रिल, हिऱ्याच्या कणांचे पोकळ बिट आणि बिट थंड ठेवायला पंपाने पाणी. साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा, ६ ते ८ सेंटिमीटर लांबीचा कोअर काढायचा. कोअर खडकाला चिकटलेला असतानाच त्यावर फटीची पितळी नळी सरकवायची, वरच्या पट्टीवरून ड्रिलच्या अक्षाची दिशा आणि उतार वाचायचा, आणि फटीतून पितळेच्या काडीने कोअरवर रेघ ओढायची. मगच तो तोडून काढायचा. रेघेवर बाण लगेच काढा आणि बाणाचे टोक बाहेरच्या तोंडाकडे की आतल्या, हे वहीच्या पहिल्या पानावर एकदाच ठरवून ठेवा.

कोअर बिटमध्येच तुटून फिरला, तर तो ‘बहुतेक असाच होता’ म्हणून परत बसवू नका, टाकून द्या. पाण्याने फुगणाऱ्या मडस्टोनमध्ये हे वारंवार होते. तिथे दिशा आखलेला ठोकळा काढून, प्लास्टरमध्ये बसवून प्रयोगशाळेत ड्रिल करणे जास्त खात्रीचे. गाळ मऊच असेल तर लहान प्लॅस्टिकच्या डब्या त्यात दाबतात, पण डबी दाबतानाच कडेचा गाळ विस्कटतो. डबी सावकाश सरळ दाबा, आणि कडेने भेगा दिसल्या तर दुसरी घ्या.

होकायंत्राजवळ हातोडा, ड्रिलचे इंजिन किंवा खिशातला मोबाईल नको. बेसाल्ट किंवा सर्पेंटाइनसारख्या खडकांत होकायंत्र खुद्द खडकामुळेच फसते. तिथे सूर्यकंपास वापरा आणि वेळ व अक्षांश-रेखांश बिनचूक नोंदवा. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतला फरक एकदाच मिळवायचा की वजा करायचा, हेही लिहून ठेवा. तो दोनदा मिळवला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

थराचा स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) आणि डिप (थराचा उतार) जागेवर तीन-चार ठिकाणी मोजा. पुढची सगळी थर आडवे करण्याची (कललेले थर गणिताने मूळ आडव्या स्थितीत फिरवण्याची) आकडेमोड या मोजणीवर उभी असते आणि लोक तिच्यावर एक मिनिटही घालत नाहीत.

दिशा नोंदवण्याच्या पद्धतीत गोंधळ झाला आहे का, हे तपासायचा सोपा मार्ग असा : सर्वांत कमी विरूपित जागा निवडा. तिथे के३ थराच्या लंबावर यायलाच हवा. तो सगळ्या जागांवर सारख्याच कोनाने बाजूला पडत असेल, तर त्याला भूशास्त्रीय अर्थ लावण्याआधी कोअरचा अक्ष आणि त्याला काटकोनातली पातळी यांत अदलाबदल झाली आहे का, ते पाहा.

प्रश्न : आमच्या चुनखडीच्या काही नमुन्यांत अनायसोट्रॉपीची (ग्रहणशीलतेतल्या दिशेनुसार फरकाची) मात्रा १.४ च्याही वर येते. खडक मात्र शांत दिसतो. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : यंत्राकडे बोट दाखवण्याआधी सरासरी ग्रहणशीलता पाहा. ती शून्याच्या आसपास असणार, असा आमचा अंदाज आहे.

शुद्ध कॅल्साइट प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे ते लावलेल्या क्षेत्राच्या उलट दिशेने किंचित चुंबकित होते. त्याची ग्रहणशीलता सुमारे उणे १२ ते १३ मायक्रो-एसआय असते (मायक्रो-एसआय म्हणजे एसआय एककाचा दहा लाखावा भाग). क्वार्ट्झचीही अशीच, थोडी जास्त ऋण. त्यात थोडी माती मिसळली की तिची धन ग्रहणशीलता या ऋण आकड्याला जवळजवळ खोडून काढते. अनायसोट्रॉपीची मात्रा म्हणजे के१ भागिले के३. भाजक शून्याजवळ गेला की उत्तर कितीही मोठे होते, आणि के३ ऋण व के१ धन झाला तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. अशा नमुन्यांत गुणोत्तरे वापरू नका. के१ वजा के३ हा फरक पाहा आणि अक्षांच्या दिशा पाहा.

दुसरी अडचण मोजमापाच्या मर्यादेची. चांगल्या कप्पाब्रिजची (ग्रहणशीलता मोजणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता काही शतांश मायक्रो-एसआय असते. १८० मायक्रो-एसआयच्या मडस्टोनमध्ये ५ टक्के अनायसोट्रॉपी म्हणजे ९ मायक्रो-एसआयचा फरक; तो आरामात मोजला जातो. ५ मायक्रो-एसआयच्या चुनखडीत तेवढीच अनायसोट्रॉपी म्हणजे फक्त पाव मायक्रो-एसआय. नमुना धारकात किंचित हलला, धारकावर धूळ बसली, खोलीचे तापमान सरकले, तरी हा फरक बुडतो. धारक स्वतः प्रतिचुंबकीय असतो, म्हणून रिकाम्या धारकाचे मापन आधी घेऊन वजा करावे लागते. दुर्बळ नमुन्यांच्या वेळी ते दर काही नमुन्यांनंतर पुन्हा घ्या. धारक अल्कोहोलने पुसा. प्रत्येक नमुना दोन-तीनदा मोजा आणि अक्ष जागेवर राहतात का ते बघा.

नमुना १५ स्थितींत मोजण्याच्या पद्धतीत आकडेमोडीसोबत एफ-चाचणीचे आकडे मिळतात. एफ ३.४८ पेक्षा कमी असेल तर ५ टक्के पातळीवर तो नमुना सर्व दिशांना सारखाच मानावा लागतो. त्याच्या अक्षांचा अर्थ लावू नये. नमुना फिरवून मोजणाऱ्या यंत्रात वाचने जास्त असल्याने चूक कमी होते, पण शंका घेण्याची सवय तिथेही ठेवा.

नमुना कापतानाची एक गोष्ट. व्यास २५.४ आणि उंची २२ मिलिमीटर हे प्रमाण उगाच ठरलेले नाही. याहून उंच किंवा बुटका नमुना प्रबळ चुंबकीय खडकात आपल्या आकाराचीच अनायसोट्रॉपी दाखवू लागतो. कापताना करवतीचा किंवा बिटचा लोखंडी चुरा पृष्ठभागाला घासून लागतो आणि दुर्बळ नमुन्यात तो एकटाच निकाल फिरवू शकतो. नमुने स्वच्छ पाण्यात ब्रशने धुवा. वालुकाश्म किंवा शेल असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून पुन्हा धुता येतात. चुनखडी आम्लात घालू नका. तिला बारीक सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने घासा. खुणा करायला लोहाच्या ऑक्साइडचा लाल रंग वापरू नका.

प्रश्न : एका जागेवर के१ थेट थराला लंब येतो आणि के३ थराच्या पातळीत पडतो. दिशा पुन्हा तपासल्या, बरोबर आहेत. खडकात उभा ताण आला होता, असे समजायचे का?

उत्तर : अजून नाही. सगळ्यांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काही खनिजांची वीण उलटी असते. कणाचा मोठा अक्ष चुंबकीयदृष्ट्या लहान ठरतो. पहिले उदाहरण अतिसूक्ष्म मॅग्नेटाइटचे. साधारण ०.१ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण एकाच चुंबकीय डोमेनचा, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित झालेल्या एकाच भागाचा, बनलेला असतो. लांबीच्या दिशेने तो आधीच पूर्ण चुंबकित असल्याने त्या दिशेने क्षीण क्षेत्र लावले तरी त्यात भर पडत नाही. काटकोनात क्षेत्र लावले तर मात्र चुंबकन थोडे वळते आणि ग्रहणशीलता दिसते. मोठ्या मॅग्नेटाइट कणांत असे होत नाही. त्यांचा के१ लांबीच्याच दिशेने असतो.

दुसरे उदाहरण सिडेराइट आणि लोहयुक्त कॅल्साइट यांचे. यांत सर्वांत जास्त ग्रहणशीलता स्फटिकाच्या सी-अक्षावर असते. गाळ दबताना किंवा खडक दाबला जाताना सी-अक्ष दाबाच्या दिशेने वळतात, आणि मग के१ नेमका जिथे के३ असायला हवा तिथे जातो. टूरमलीनमध्ये कण सी-अक्षाने लांबट असतो आणि के३ सी-अक्षावर असतो, म्हणून तिथेही रेषा उलटते.

सगळ्यांत फसवा असतो तो मिश्र प्रकार. अर्धी वीण सरळ, अर्धी उलटी. बेरजेत के१ आणि के२ किंवा के२ आणि के३ यांची अदलाबदल झालेली दिसते आणि ती भूशास्त्रीयदृष्ट्या अगदी पटण्यासारखीही असते. एकच लंबगोल मिळत असल्यामुळे आत किती विणी मिसळल्या आहेत, ते नुसत्या एएमएसवरून कळत नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी जागेवरच्या नमुन्यांची सरासरी ग्रहणशीलता बघा. मडस्टोनमध्ये ती साधारण ५०० मायक्रो-एसआयच्या खाली असेल तर पापुद्र्यांच्या खनिजांचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे, पण ही फक्त शक्यता. मॅग्नेटाइटची ग्रहणशीलता सुमारे ३ एसआय एकक आहे, म्हणजे आकारमानाने ०.०१ टक्का मॅग्नेटाइटही ३०० मायक्रो-एसआय देते. एवढे मॅग्नेटाइट भिंगातून दिसत नाही.

मग काही नमुने दळून तापवा आणि ग्रहणशीलतेचा आलेख काढा. ५८० अंश सेल्सिअसला उतार आला तर मॅग्नेटाइट, ३२० च्या आसपास आला तर पायरोटाइट, ६८० च्या जवळ आला तर हेमॅटाइट. थंड होतानाची रेघ तापतानाच्या रेघेपेक्षा बरीच वर गेली, तर तापवताना नवे मॅग्नेटाइट तयार झाले आहे. सिडेराइट आणि लोहयुक्त मातीची खनिजे असे करतात. म्हणून मूळ खनिज ओळखायला तापतानाची रेघच धरा आणि शक्य असेल तर आर्गॉन वायूत तापवा. सिडेराइटचा संशय असेल तर क्ष-किरण विवर्तन हा थेट मार्ग आहे.

द्रवरूप नायट्रोजनचा प्रयोगही फार उपयोगी आहे. उणे १९६ अंशांवर सम-चुंबकीय (क्षेत्र लावले तेवढ्यापुरती त्याच्या दिशेने क्षीण चुंबकित होणाऱ्या) खनिजांची ग्रहणशीलता खोलीच्या तापमानाच्या सुमारे ३.८ पट होते, कारण ती निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. मॅग्नेटाइटची तशी वाढत नाही. उणे १५० च्या आसपास त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि ग्रहणशीलता उलट खाली येते. थंड नमुन्याची सरासरी साडेतीन-पावणेचार पट झाली आणि अक्ष जागेवरच राहिले, तर वीण पापुद्र्यांची किंवा कार्बोनेटची. वाढ जेमतेम असेल तर मॅग्नेटाइटकडे पाहा. नमुना अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, उष्णतारोधक धारकात भराभर मोजा आणि स्थिती बदलताना परत बुडवा. त्यावर दव गोठू देऊ नका. बर्फाचा थर जाड झाला की नमुना धारकात नीट बसत नाही.

शेवटी एएआरएम, म्हणजे नमुन्यात उरणाऱ्या कृत्रिम चुंबकनाचा दिशेनुसार फरक मोजणे. यात नमुन्याला आलटत्या, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या, क्षेत्रात (शिखर साधारण १०० मिलिटेस्ला) ०.०५ मिलिटेस्लाचे स्थिर क्षेत्र देऊन कृत्रिम चुंबकन देतात, ते मोजतात, पुसून टाकतात आणि दुसऱ्या दिशेने पुन्हा देतात. अशा निदान सहा, शक्यतो जास्त दिशा. अतिसूक्ष्म मॅग्नेटाइटच्या कणांचे उरणारे चुंबकन लांबीच्या दिशेनेच असते, म्हणून एएआरएमची वीण सरळ येते. एएमएसचा के१ जर एएआरएमच्या सर्वांत लहान अक्षावर पडत असेल, तर उलटी वीण सिद्ध झाली आणि उभ्या ताणाची कल्पना सोडता येते.

हे सगळे प्रत्येक नमुन्यावर करावे लागत नाही. प्रत्येक खडकप्रकारातून दोन-चार नमुने पुरतात. पण हे न करता काढलेला दाबाचा नकाशा आमच्या मते छापण्याजोगा नसतो.

प्रश्न : अनायसोट्रॉपीची मात्रा जास्त म्हणजे विरूपण जास्त, असा थेट नकाशा काढता येईल का?

उत्तर : खडकप्रकार बदलत असेल तर नाही.

आकडा कसा येतो ते आधी बघू. समजा एका मडस्टोनमध्ये के१, के२, के३ अनुक्रमे १८२.४, १८०.९ आणि १७४.० मायक्रो-एसआय आहेत. सरासरी १७९.१. के१ भागिले के२ म्हणजे रेषेची मात्रा १.००८, के२ भागिले के३ म्हणजे पातळीची मात्रा १.०४०, आणि एकूण मात्रा १.०४८. आकाराचा निर्देशांक टी अंदाजे ०.६५ येतो. टी उणे १ असेल तर लंबगोल काठीसारखा, अधिक १ असेल तर चकतीसारखा. म्हणजे आपला नमुना चकतीकडे झुकणारा, गाळाच्या दाबाची छाप अजून ठळक असलेला आहे. दाबाच्या पट्ट्यात पुढे जाताना टी आधी शून्याकडे किंवा त्याखाली उतरतो आणि क्लीव्हेज पक्के झाल्यावर पुन्हा धन होतो. याचा अर्थ एकूण मात्रा मध्येच कमीसुद्धा होऊ शकते : गाळाची वीण मोडत असते आणि दाबाची अजून जमलेली नसते. खडक मात्र या टप्प्यात जास्तच विरूपित होत असतो.

आता शेजारच्या थरात थोडे मॅग्नेटाइट आले. सरासरी ४,००० वर गेली आणि मात्रा १.१५ झाली. मॅग्नेटाइटच्या कणाची अनायसोट्रॉपी त्याच्या आकारावर ठरते आणि ती पापुद्र्यांहून सहज मोठी होते. दोन्ही थरांवरचा दाब सारखाच असू शकतो. उलट बाजूने, बायोटाइटच्या एका स्फटिकाचीच मात्रा साधारण १.३५ असते. सगळे पापुद्रे अगदी समांतर झाले तरी खडक त्यापुढे जाणार नाही. त्यानंतर कितीही विरूपण झाले तरी आकडा हलत नाही.

म्हणून सरासरी आणि मात्रा यांचा आलेख काढा. दोन्ही सोबत वाढत असतील तर तुम्ही खनिजाचे प्रमाण मोजत आहात. एकाच खडकप्रकारात, एकाच खनिजाच्या विणीत, मात्रेचा क्रम तुलनेने वापरता येतो. विरूपणाची टक्केवारी काढायची असेल तर विटलेले ठिपके, ऊलाइट (चुनखडीतले मुळात गोल असलेले बारीक कण) किंवा जीवाश्म यांसारख्या मोजता येणाऱ्या खुणांशी त्याच ठिकाणी जुळणी करावी लागते, आणि ती जुळणी दुसऱ्या पट्ट्याला लावता येत नाही. दिशा हा या पद्धतीचा खरा भरवसा आहे.

प्रश्न : अक्ष थर आडवे करून दाखवावेत की आहेत तसे?

उत्तर : दोन्ही, शेजारी शेजारी. घडीच्या दोन्ही बाजूंवरच्या जागा घ्या. थर आडवे केल्यावर के३ उभे होऊन एकत्र आले, तर वीण घडीच्या आधीची. थर आहेत तसे ठेवूनच दोन्ही बाजूंचे के३ एका जागी जमत असतील, तर ती क्लीव्हेजची, घडी पडताना किंवा नंतर आलेली वीण.

के१वरून हे ठरवायला जाऊ नका. के१ घडीच्या अक्षाला समांतर आणि अक्ष आडवा असेल, तर थर कितीही फिरवले तरी के१ जागचा हलत नाही आणि दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. घडीचा अक्षच कललेला असेल तर आधी तो आडवा करा, मग थर. तसे न करता एकदम थर आडवे केल्यास के१ची दिशा काही अंशांनी खोटी फिरते. जागेची सरासरी काढण्याआधी प्रत्येक नमुना त्याच्या स्वतःच्या सरासरी ग्रहणशीलतेने भागा, नाहीतर मॅग्नेटाइट असलेला एकच नमुना सगळ्या जागेच्या वतीने बोलेल.

प्रश्न : त्याच नमुन्यांवर पुराचुंबकत्वही (खडकात टिकलेल्या जुन्या चुंबकनाच्या दिशेचे मापन) करायचे आहे. आधी काय करावे?

उत्तर : एएमएस आधी, बिनशर्त. आलटत्या क्षेत्राने नमुना पुसला की मॅग्नेटाइटच्या विणीत बदल होऊ शकतो, आणि तापवल्यावर नवी खनिजे तयार होतात. एएआरएम मात्र मूळ चुंबकन मोजून पुसल्यानंतर.

चंद्रकोरीसारख्या वळलेल्या पर्वतरांगेत या जोडकामाचा फायदा मोठा आहे. के१ची दिशा आणि पुराचुंबकीय उत्तर दिशा दोन्ही रांगेच्या वळणाबरोबर सारख्याच कोनाने फिरत असतील, तर सरळ रांग नंतर वाकली. के१ वळणाबरोबर फिरतो पण पुराचुंबकीय उत्तर दिशा ठिकठिकाणी एकच राहते, तर रांग मुळातच वक्र होती.

प्रश्न : थ्रस्टच्या (दाबाने एक खडक दुसऱ्यावर सरकलेल्या विभंगाच्या, म्हणजे तुटीच्या) जवळचा के१ म्हणजे सरकण्याची दिशा, असे म्हणता येईल?

उत्तर : विभंगाच्या अगदी जवळ, जिथे विरूपण तीव्र आहे, तिथे बरेचदा. थोडे दूर गेल्यावर के१ पुन्हा सरकण्याला काटकोनात, म्हणजे छेदरेषेच्या दिशेने दिसतो. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात तो कुठेही असू शकतो, कारण पापुद्र्यांच्या दोन संचांच्या विणी तिथे एका लंबगोलात मिसळतात. एकट्या नमुन्यावरून सरकण्याची दिशा सांगणे धोक्याचे आहे.

नमुन्यांची ओळ विभंगाला काटकोनात आखा आणि अंतर जवळ कमी, लांब जास्त ठेवा : पहिल्या मीटरमध्ये दर २० सेंटिमीटरला, मग १, २, ५, १०, २० आणि ५० मीटरवर. शेवटचा नमुना विभंगाच्या प्रभावाबाहेर गेल्याची खात्री असावी. तोच तुलनेचा आधार. के१ काटकोनातून सरकण्याच्या दिशेकडे हळूहळू वळताना दिसला, तर जवळच्या नमुन्यांतला के१ सरकण्याची दिशा म्हणून धरता येतो. के३चा कल विभंगाच्या पृष्ठापासून किती अंश आहे तेही मांडा. त्यावरून वरचा खडक कोणत्या बाजूने सरकला, याचा अंदाज बांधता येतो. विभंगातून पाणी फिरलेले असते आणि भेगांत सिडेराइट, गोएथाइट किंवा पायरोटाइट नव्याने बसलेले असते, म्हणून खनिजांची तपासणी या ओळीतल्या फक्त दूरच्या नमुन्यांवर नको; विभंगाला चिकटलेल्या आणि मधल्या नमुन्यांवरही वेगवेगळी करा.